टेबलावरचा फोन आणि नेटवर्कच्या तारेतली वीज

इमारतीतले दिवे गेले तरी फोन चालतो, ही खात्री तांब्याच्या तारेवरच्या टेलिफोनने कित्येक दशके दिली. एक्स्चेंजच्या बॅटरीखोलीत ४८ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटऱ्यांची रांग असे, तिच्या मदतीला जनरेटर असे, आणि तांब्याच्या ज्या जोडीतून आवाज येई तिच्यातूनच फोनला वीजही मिळे. कार्यालयातले खासगी एक्स्चेंज, म्हणजे ईपीएबीएक्स, ही याच व्यवस्थेची लहान आवृत्ती. इंटरकॉमच्या फोनला प्लग नव्हता. एक्स्टेन्शनची जोडी तारा जोडण्याच्या क्रोन मॉड्यूलवर पंच केली की काम संपले. फोनला वीज कुठून येते हा प्रश्न वापरणाऱ्याला कधी पडलाच नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरीस फोन संगणकांच्या नेटवर्कवर आला तेव्हा ही खात्री नाहीशी झाली. आयपी फोनमध्ये प्रोसेसर असतो, पडदा असतो, बहुतेकदा आतच दोन तोंडांचा (पोर्टचा) छोटा नेटवर्क स्विचही असतो. त्याला सतत वीज लागते आणि त्या काळच्या इथरनेट केबलमधून फक्त संदेश जात होते. त्यामुळे प्रत्येक टेबलावर एक अ‍ॅडॉप्टर आला, त्याच्यासाठी एक सॉकेट आले, आणि वीज गेली की पूर्ण मजल्यावरचे फोन एका क्षणात बंद पडू लागले.

यावर निघालेला उपाय म्हणजे पॉवर ओव्हर इथरनेट, रोजच्या बोलण्यातले पीओई. तो उपाय आता सर्वत्र रुळला आहे. त्याच्याभोवतीचे वाद मात्र सगळे मिटलेले नाहीत आणि काही तर नव्याने उभे राहिले आहेत. हे वाद कसे घडत गेले आणि आज कुठे उभे आहेत, ते या लेखात पाहू.

मानक येण्यापूर्वी

सिस्कोने १९९८ मध्ये आयपी फोन बनवणारी सेल्सियस ही कंपनी विकत घेतली आणि २००० च्या सुमारास स्विचमधूनच फोनला वीज देण्याची स्वतःची पद्धत बाजारात आणली. इस्राएलमधली पॉवरडिसाइन ही कंपनी वेगळ्या वाटेने चालली होती. जुना स्विच तसाच ठेवायचा, आणि स्विच व फोन यांच्यामध्ये वीज मिसळणारा एक डबा बसवायचा. आज ज्याला आपण इंजेक्टर म्हणतो त्याचाच हा अनेक तोंडांचा भाऊबंद.

दोन्ही पद्धतींपुढची खरी अडचण वीज देण्याची नव्हती, ती चुकीच्या उपकरणाला न देण्याची होती. तारेच्या दुसऱ्या टोकाला फोनच असेल याची हमी कोण देणार? अनेक जुन्या नेटवर्क कार्डांत न वापरलेल्या जोड्या ७५ ओहमच्या रोधांवर संपवलेल्या असत. त्यांवर थेट ४८ व्होल्ट सोडले तर ते रोध जळून जाण्याचा धोका होता. सिस्कोचा स्विच एक खास संकेत पाठवी, वीज नसलेला फोन तो तसाच परत फिरवी, आणि संकेत परत आला तरच स्विच वीज सोडी. पद्धत चांगली चालली, पण ती एका कंपनीपुरती होती. सिस्कोचे ७९६० हे त्या काळात फार खपलेले मॉडेल याच पद्धतीवर चाले, आणि पुढे मानक आल्यावर दुसऱ्या कंपनीच्या मानक स्विचवर ते लागेना.

इथरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईईई या संस्थेत यावर १९९९ मध्ये काम सुरू झाले. जून २००३ मध्ये ८०२.३एएफ हे मानक मंजूर झाले.

आधी विचारणा, मग वीज

या मानकाची सगळी शहाणीव त्याच्या पहिल्या काही पायऱ्यांत आहे. स्विच आधी तारेवर २.८ ते १० व्होल्ट इतका हलका दाब टाकून पाहतो. समोर सुमारे २५ किलोओहमचा रोध दिसला तरच ते वीज घेणारे उपकरण आहे असे मानतो. मग दाब १५.५ ते २०.५ व्होल्टपर्यंत नेऊन किती विजेची गरज आहे याचा अंदाज घेतो. त्यानंतरच ४४ ते ५७ व्होल्टची खरी वीज सोडतो. फोन उपसला आणि प्रवाह ठरावीक किमान पातळीखाली गेला, की अर्ध्या सेकंदाच्या आत पुरवठा बंद होतो. म्हणून भिंतीतल्या रिकाम्या सॉकेटमध्ये वीज नसते आणि तिथे लॅपटॉप लावला तरी काही बिघडत नाही.

डेटा आणि वीज एकाच जोडीवरून जातात तरी एकमेकांच्या आड येत नाहीत, कारण डेटा म्हणजे जोडीतल्या दोन तारांमधला फरक. वीज देताना दोन्ही तारांचा दाब सारखाच उचलला जातो, त्यामुळे तो फरक तसाच राहतो. ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टोकातून वीज घालायची आणि पलीकडे तशीच काढायची, इतकी ही सोपी रचना आहे. मानकाने दोन्ही वाटा खुल्या ठेवल्या: डेटाच्या जोड्यांवरून वीज, किंवा शंभर मेगाबिटच्या जाळ्यात मोकळ्या राहणाऱ्या दोन जोड्यांवरून. फोनला मात्र दोन्ही प्रकारे येणारी वीज घेता आली पाहिजे, असा दंडक घातला.

मानकातले आकडे मनाला येतील तसे घेतलेले नाहीत. स्विचच्या तोंडाशी १५.४ वॅट आणि फोनच्या तोंडाशी १२.९५ वॅट, यांतला फरक २.४५ वॅटचा आहे. शंभर मीटर जुन्या दर्जाच्या केबलचा जाण्यायेण्याचा रोध २० ओहम धरला आणि त्यातून ३५० मिलिअँपिअर प्रवाह गेला, तर तारेत नेमकी इतकीच वीज उष्णता होऊन जाते. दाबाची वरची मर्यादा ६० व्होल्टच्या खाली ठेवली, कारण त्याखालचा एकदिश दाब सुरक्षित गटात मोडतो. केबल ओढणाऱ्याला घरगुती वायरिंगसारखी खबरदारी त्यामुळे घ्यावी लागत नाही.

आणि फोनची गरज किती? साध्या पडद्याच्या आयपी फोनला २ ते ४ वॅट पुरतात. वर उल्लेखिलेल्या ७९६० ला ६.३ वॅट लागत. टेबलावरच्या फोनचा प्रश्न विद्युत अंगाने २००३ मध्येच सुटला होता, असे म्हणायला हरकत नाही.

फोन मागे राहिला, मानक पुढे गेले

तरीही मानक वाढत राहिले. २००९ च्या ८०२.३एटीने उपकरणाशी २५.५ वॅट दिले, २०१८ च्या ८०२.३बीटीने चारही जोड्या वापरून ७१.३ वॅटपर्यंत मजल मारली. ही वाढ वायफायचे अ‍ॅक्सेस पॉइंट, फिरते कॅमेरे, दिवे आणि पडदे यांच्यासाठी होती. व्हिडिओ फोनसारखे काही अपवाद सोडले तर टेबलावरचा फोन पहिल्याच मानकात मावतो. नवा स्विच घेताना ही गोष्ट विसरली जाते. फक्त फोनसाठी म्हणून नव्वद वॅटच्या तोंडांचा स्विच घेऊन तो खर्च फोनच्या नावावर टाकणे न्याय्य नाही.

मध्यवर्ती पुरवठा की टेबलागणिक?

मूळ वाद इथे आहे. तो पीओई जिंकले असे समजून अनेकदा सोडून दिला जातो, पण दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे.

मध्यवर्ती पुरवठ्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा बॅटरीचा. तीनशे टेबलांखाली तीनशे छोटे यूपीएस ठेवणे कोणालाच शक्य नाही. रॅकमध्ये एक यूपीएस ठेवला, त्यावर स्विच आणि राउटर घेतले, की मजल्यावरचे सगळे फोन वीज गेल्यावरही चालू राहतात. हिशेब आवाक्यातला आहे: ४८ फोन, प्रत्येकी ४ वॅट, म्हणजे दोनशे वॅटच्या आत. त्यात स्विचची स्वतःची भूक मिळवली तरी तासाभराचा बॅकअप मध्यम आकाराच्या यूपीएसमधून निघतो. शिवाय फोन अडकला तर आयटी विभागातला माणूस जागेवर न जाता त्या तोंडाची वीज बंद-चालू करून तो पुन्हा सुरू करू शकतो. टेबल हलवले तर इलेक्ट्रिशियन बोलवावा लागत नाही. आणि अ‍ॅडॉप्टर हरवणे, बदलणे, दुसऱ्या फोनचा चुकीचा अ‍ॅडॉप्टर लावणे हे सगळे प्रकार संपतात.

दुसरी बाजू जोखीम एका ठिकाणी गोळा होण्याकडे बोट दाखवते. अ‍ॅडॉप्टर बिघडला तर एक फोन जातो. स्विचचा वीजपुरवठा बिघडला तर ४८ जातात. बहुतेक कार्यालयांत भिंतीपासून टेबलापर्यंत एकच केबल असते. ती फोनमध्ये जाते आणि फोनच्या मागच्या तोंडातून संगणकाला पुढे जाते. अशा मांडणीत फोनची वीज गेली की संगणकाचे नेटवर्कही जाते. स्विचचे सॉफ्टवेअर अद्ययावत करायला घेतले तरी तेच. स्विच पुन्हा सुरू होत असतानाही तोंडांवरची वीज चालू ठेवण्याची सोय आता बऱ्याच महागड्या स्विचमध्ये मिळते. फोन नव्याने सुरू होण्याचा वेळ तिने वाचतो, पण तेवढ्यात डेटाच नसल्याने कॉल मात्र लागत नाही.

विजेच्या खर्चाचे वजन दोन्हीकडे थोडेथोडे पडते. तारेत वीज वाया जाते हा जुना आक्षेप फोनपुरता टिकत नाही. ४ वॅटच्या फोनला पन्नास व्होल्टवर ८० मिलिअँपिअर पुरतात आणि पूर्ण शंभर मीटरवरही तारेतली हानी पाव वॅटच्या आत राहते. पूर्वीचे ट्रान्सफॉर्मरवाले अ‍ॅडॉप्टर फोन नसतानाही वीज खात. त्यांच्या तुलनेत पीओई सरस होते. आजचे अ‍ॅडॉप्टर बरेच सुधारले आहेत, म्हणून ती आघाडी कमी झाली. उलट ७४० वॅटचा पुरवठा असलेला स्विच दीडशे वॅटच्या भारावर वर्षानुवर्षे चालवला तर त्याची कार्यक्षमता उतरते, आणि रॅकच्या खोलीत तयार होणारी उष्णता काढायला एसी लागतो तो वेगळाच. बंद कपाटात कोंबलेला पीओई स्विच उन्हाळ्यात पंख्याचा आवाज करत तापताना अनेकांनी पाहिला असेल.

७४० हा आकडाही अर्थपूर्ण आहे. ४८ तोंडे गुणिले १५.४ वॅट म्हणजे ७३९.२. सगळ्या तोंडांना एकाच वेळी पूर्ण वीज देऊ शकणारा स्विच तेवढ्याचा लागतो. पण ४८ तोंडांचे आणि ३७० वॅटचे स्विचही खूप विकले जातात आणि फोनसाठी ते पुरतातही. गडबड होते ती पुढे त्याच स्विचवर कॅमेरे लावले जातात तेव्हा. मग विजेचे अंदाजपत्रक संपते आणि शेवटी लावलेले उपकरण सुरूच होत नाही.

माझे मत विचाराल तर वीसपेक्षा जास्त फोन असलेल्या कोणत्याही कार्यालयात मध्यवर्ती पुरवठाच योग्य, पण रॅकला दोन स्वतंत्र पुरवठे आणि हवा खेळती ठेवण्याची सोय असेल या अटीवर. चार-पाच फोनच्या कार्यालयात छोटा पीओई स्विच किंवा इंजेक्टर आणि सुटे अ‍ॅडॉप्टर यांत फारसा फरक पडत नाही.

मानकाबाहेरचा बाजार

मानक आले म्हणून अमानक वस्तू गेल्या नाहीत. बिनतारी इंटरनेटच्या रेडिओंसोबत येणारे २४ व्होल्टचे इंजेक्टर काही न विचारता तारेवर वीज सोडतात. त्या रेडिओपुरते ते ठीक असतात, कारण दोन्ही टोके त्याच कंपनीची. पण तोच इंजेक्टर फोनच्या तारेवर लावला गेला तर फोन सुरू होत नाही, आणि भलत्याच उपकरणाला लागला तर नुकसानही होऊ शकते. पीओई हा शब्द दोन्ही डब्यांवर सारखाच छापलेला असल्याने ग्राहकाची फसगत होते. इथरनेट अलायन्सने २०१७ मध्ये मानकाशी पडताळलेल्या उपकरणांना खूण देण्याची योजना सुरू केली. खरेदीच्या वेळी ती खूण मागणारे ग्राहक जितके वाढतील तितकी ती उपयोगी पडेल.

याहून मोठी अडचण केबलची. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या तारांचे केबल स्वस्त मिळते आणि पेटीवर कॅट-६ असे छापलेले असते. त्याचा रोध शुद्ध तांब्यापेक्षा निम्म्याहून अधिक वाढीव असतो आणि केबलिंगच्या आंतरराष्ट्रीय मानकांत ते बसत नाही. डेटा चाचणीत कदाचित पास होईल, जवळच्या फोनला वीजही देईल. लांबच्या टेबलावर मात्र फोन अधूनमधून स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागेल आणि दोष फोनवर येईल. या मुद्द्यावर तज्ज्ञांत दुमत नाही. दुमत आहे ते फक्त बाजारात.

पेटंटचा वादही याच टप्प्यात होऊन गेला. तारेवरून वीज देण्याचे अमेरिकेतले एक पेटंट २००१ मध्ये मंजूर झाले होते. ते पुढे नेटवर्क-१ या कंपनीकडे आले आणि स्विच बनवणाऱ्या बड्या कंपन्यांवर दावे झाले. २०१० मध्ये सिस्कोसह अनेकांनी तडजोड केली, आणि २०२० मध्ये पेटंटची मुदत संपली. तो विषय आता इतिहासजमा झाला आहे.

उष्णता आणि जुड्या

चार जोड्यांच्या वीजपुरवठ्याबरोबर केबल तापण्याचा प्रश्न पुढे आला. शंभर-शंभर केबलांची घट्ट बांधलेली जुडी असेल तर मधल्या केबलांची उष्णता बाहेर पडत नाही. अमेरिकेच्या टीआयए या संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेत भोवतालचे तापमान ४५ अंश आणि विजेमुळे होणारी वाढ १५ अंश, अशी एकूण ६० अंशांची मर्यादा धरली. त्याच वर्षीच्या अमेरिकी विद्युत संहितेत जास्त वॅटच्या केबलजुड्यांसाठी नवे नियम आले. केबल बनवणाऱ्यांना यातून जाड तारेच्या आणि खास छापाच्या केबलांची बाजारपेठ मिळाली, म्हणून काहींनी या नियमांवर अतिदक्षतेचा आरोपही केला.

फोनपुरते बोलायचे तर भीती अनाठायी आहे. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. बीटी मानकाच्या सर्वोच्च पातळीला एका जोडीतून ९६० मिलिअँपिअर जातात, साध्या फोनला ८०. प्रवाह बारापट, त्या जोडीतली उष्णता १४४ पट. फोनच्या केबलजुडीला हात लावला तर ती गरम लागणार नाही. पण फोन, कॅमेरे आणि अ‍ॅक्सेस पॉइंट यांच्या केबली एकाच जुडीत बांधल्या जातात तेव्हा हा दिलासा उरत नाही. आपल्याकडे तर विदर्भात मे महिन्यात बाहेरचे तापमानच ४५ अंशांच्या आसपास जाते, आणि स्लॅबखालच्या फॉल्स सीलिंगमध्ये ते त्याहून वर असते. ४५ अंशांचे गृहीतक धरून केलेली कोष्टके तिथे तशीच लावता येणार नाहीत. इथल्या छतांसाठी मोजून काढलेली मार्गदर्शिका हवी आहे.

रात्रीची वीज

४ वॅटचा एक फोन वर्षभर चालू ठेवला तर ३५ युनिट जातात. तीनशे फोनचे साडेदहा हजार. दिवसाला दहा तास, आठवड्याला सहा दिवस चालणारे कार्यालय १६८ पैकी १०८ तास बंदच असते. मग रात्री फोनची वीज का तोडू नये? स्विचमध्ये वेळापत्रक लावून हे सहज जमते. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे की रात्रीच आग लागली, सफाई कामगाराला काही झाले, तर जवळचा फोन मुका निघेल. मधला मार्ग आहे: जिना, लिफ्टची लॉबी, स्वागतकक्ष आणि सुरक्षारक्षकाची जागा इथले फोन कायम चालू, बाकीचे बंद. मात्र कोणता फोन कोणत्या तोंडावर आहे याची नोंद अद्ययावत असेल तरच हे शक्य होते, आणि बहुसंख्य ठिकाणी गाडे तिथेच अडते.

न सुटलेले

पहिला न सुटलेला प्रश्न अंतराचा. ईपीएबीएक्सची जोडी आवाराच्या टोकाला असलेल्या गेटवरच्या केबिनपर्यंत सहज जाई. पीओई शंभर मीटरवर थांबते. त्यापुढे ऑप्टिकल फायबर न्यावे तर काचेतून वीज जात नाही. केबिनमध्ये वेगळा वीजपुरवठा आणि वेगळी बॅटरी आलीच. जुन्या टेलिफोन जोडीवरूनच डेटा आणि वीज काहीशे मीटर नेणारे स्विच मिळतात, पण ते ज्या-त्या कंपनीच्या पद्धतीने चालतात. २०१९ च्या ८०२.३सीजी मानकाने एकाच जोडीवर हजार मीटरपर्यंत दहा मेगाबिट आणि सोबत वीज नेण्याची वाट दाखवली. आवाजासाठी दहा मेगाबिट भरपूर झाले. सध्या मात्र हे तंत्र कारखान्यांतल्या सेन्सरांकडे वळले आहे, फोनकडे नाही.

दुसरा प्रश्न जबाबदारीचा, आणि माझ्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा. जुन्या व्यवस्थेत बॅटरीची जबाबदारी टेलिफोन कंपनीची होती. ती आता कोणाची? घरगुती ग्राहकांच्या बाबतीत काही देशांनी याचे उत्तर दिले आहे. अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने २०१५ मध्ये ८ तासांच्या बॅकअपचा पर्याय ग्राहकापुढे ठेवणे कंपन्यांना बंधनकारक केले होते. ब्रिटनमध्ये तांब्याचे जाळे बंद होत आहे. तिथे फोनवरच अवलंबून असलेल्या ग्राहकांना वीज गेल्यावर किमान तासभर आपत्कालीन कॉल करता यावा, अशी नियामकाची अपेक्षा आहे. कार्यालयाच्या आतल्या फोनला हे नियम लागू पडत नाहीत. तिथे बॅकअप किती हे मालक, आयटी विभाग आणि इमारतीची देखभाल पाहणारी संस्था यांच्यामध्ये लोंबकळत राहते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगरात सकाळी वीज गेली आणि काही भागांत ती यायला कित्येक तास लागले. अशा दिवशी रॅकमधला यूपीएस पंधरा मिनिटांचा की दोन तासांचा, यावर आपत्कालीन ११२ लावता येतो की नाही हे ठरते. मोबाइल आहेच, असे म्हणून हा प्रश्न झटकला जातो. पण तळघरात, लिफ्टजवळ, जाड भिंतींच्या जुन्या इमारतीत मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, आणि लांबलेल्या भारनियमनात टॉवरच्या बॅटऱ्याही संपतात.

तिसरा प्रश्न फोनच्याच भवितव्याचा. २०२० नंतर संगणकावरून आणि मोबाइलवरून बोलण्याची सवय लागली आणि अनेक कार्यालयांनी नव्या जागेत टेबलागणिक फोन घेतलेच नाहीत. रुग्णालये, हॉटेले, बँका, पोलीस ठाणी आणि कारखाने मात्र टेबलावरचा आणि भिंतीवरचा फोन सोडायला तयार नाहीत. कोणी बसले नसले तरी ठरलेल्या जागी वाजणारे यंत्र त्यांना हवे असते. तिथे पीओईची गरज कमी होणार नाही. उरतील ते फोन संख्येने थोडे, पण निकडीचे असतील, आणि म्हणून त्यांच्या विजेची काळजी आधीपेक्षा जास्त घ्यावी लागेल.

ज्यांच्या कार्यालयात असे फोन आहेत त्यांनी एका सुट्टीच्या दिवशी, सर्वांना आधी कळवून, रॅकचा मुख्य पुरवठा बंद करावा आणि शेवटचा फोन किती मिनिटांनी बंद पडला ते लिहून ठेवावे. स्विच, राउटर आणि बाहेरच्या लाइनचा मोडेम, तिन्ही यूपीएसवर आहेत की नाहीत तेही त्याच वेळी कळेल. तो आकडा रॅकच्या दारावर चिकटवा आणि बॅटरी जुनी होत जाते म्हणून दरवर्षी नव्याने मोजा.